शुक्रवारच्या बाई

बाई गेल्या तो मंगळवार होता. शुक्रवार नव्हता याचं मला उगीचच बरं वाटलं. शुक्रवारी गेल्या असत्या, तर जाता जाता त्यांनी विचारलंच असतं, की यात वाराचा काही संबंध आहे का, आणि दुसऱ्या एखाद्या वारी मरून पाहिल्याशिवाय ते ठरवायचं कसं.

त्या असंच बोलत. बोलताना चेहऱ्यावर हसू नसे, त्यामुळे समोरच्याला कळत नसे की हसायचं की नाही. बहुतेक लोक न हसता निघून जात. मी कॉलेजात त्यांची विद्यार्थिनी होते, त्या निवृत्त झाल्यावर त्यांच्या हाताखाली काम केलं, आणि नंतर नुसतीच त्यांच्याकडे जात राहिले. एवढ्या काळात त्यांच्या विनोदावर मला वेळेत हसता आलं ते फार थोड्या वेळा. घरी पोचल्यावर, जेवताना हसू यायचं. आता तर कधीही येतं.

भिवंडीत धामणकर नाक्याच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहत. तळमजल्यावर लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, होते. ते चालू असले की वरची फरशी थरथरे आणि टेबलावरचा चमचा हळूहळू कडेकडे सरके. बाई बोलता बोलता तो परत मध्ये ठेवत. नवा पाहुणा आधी त्या चमच्याकडे बघे, मग ट्रेकडे. कारण माणसं दोन असली तरी ट्रेमध्ये कप तीन असत. तिसऱ्यात नुसतं गरम पाणी.

"अजून कोणी यायचंय का?"

"नाही."

"मग हा कोणाचा?"

"कोणाचाच नाही. म्हणून तर ठेवलाय."

आधी त्या पाण्याचा एक घोट घेत, मग चहाचा. कपाची चव माहीत नसेल तर चहाची चव कळली असं कशावरून, हा त्यांचा प्रश्न. कपाला राहिलेला साबण पाण्यात लगेच सापडतो. चहात तो लपतो, आणि आपण चहावाल्याला नावं ठेवतो. बाईंकडे येणारे मुळातच थोडे, त्यात हा तिसरा कप. निघताना दारातून मागे पाहिलं, की टेबलावर दोन रिकामे कप, एक जवळजवळ भरलेला, आणि त्यांच्यामागे बाई. ते मला बघवत नसे, म्हणून मी पुढे पुढे तो कपही पिऊन निघू लागले. पुढच्या वेळी कप चार आले.

एकदा त्यांना ताप आला. मी डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, ताप किती होता? बाईंनी पर्समधून दोन थर्मामीटर काढले. "याच्या म्हणण्याप्रमाणे आहे. याच्या म्हणण्याप्रमाणे नाही. आता तुम्ही औषध कोणाला देणार ते सांगा." डॉक्टर तरुण होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

रस्त्याने जाताना त्या एकच प्रश्न दोन रिक्षावाल्यांना विचारत. निजामपुऱ्याला किती वेळ लागेल? एक म्हणे, "पंधरा मिनट, आंटी." दुसरा म्हणे, "ट्रॅफिक देखो ना, पौना घंटा." मग बाई मला सांगत, "बघ, रस्ता तोच. एक सकाळपासून मोकळा फिरलाय, दुसरा आत्ताच अडकून आलाय. आपल्याला रस्त्याचं काहीच कळलं नाही, या दोघांचं कळलं." आणि दोघांनाही धन्यवाद देऊन चालत निघत.

कॉलेजात प्रॅक्टिकलच्या परीक्षेला मुलं जंतू वाढवलेल्या प्लेट घेऊन उभी राहत, पिवळे ठिपके, पांढरे ठिपके, मन लावून वाढवलेले. बाई त्या बाजूला सारत. "जिच्यात काही घातलं नव्हतं ती प्लेट दाखव." बहुतेकांकडे ती नसे. माझ्याकडे होती, कारण मी घाबरट होते आणि सांगितलेलं सगळं करत असे. बाईंनी ती खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिली. तिच्यात काहीच उगवलेलं नव्हतं. "सुंदर," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी दुसऱ्यांदा कधी ऐकला नाही.

हे सगळं आधी सांगितलं, कारण कामतघरच्या खोलीत जे झालं ते याच सवयींमुळे झालं. त्याबद्दल बाईंना लोक एक तर फार थोर म्हणतात नाही तर विक्षिप्त म्हणतात. त्या दोन्ही नव्हत्या. त्यांना तिसरा कप ठेवल्याशिवाय चहा पिता येत नव्हता, एवढंच.

मुंबईच्या एका मोठ्या प्रयोगशाळेने अभ्यास हाती घेतला होता. स्वमग्न मुलांच्या, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांच्या, आतड्यातले जंतू इतर मुलांपेक्षा वेगळे असतात का? या मुलांना पोटाच्या तक्रारी फार असतात, त्यामुळे प्रश्न बरोबर होता. भिवंडीतून शौचाचे नमुने गोळा करायचे होते, आणि इथली माहितगार म्हणून बाईंना नेमलं. कामतघरला विशेष मुलांच्या एका शाळेने तळमजल्यावरची खोली दिली. खोलीत एक टेबल, चार खुर्च्या, एक डीप फ्रीझर, आणि मी.

आईबापांना काम समजावून सांगणं माझ्याकडे होतं. ते मला जमत नसे, मग बाई पुढे येत. "जंतू सालीचे असतात," त्या सांगत. "काहींची साल पातळ, काहींची जाड. साल फोडल्याशिवाय आत कोण आहे ते कळत नाही. आता तूरडाळ आणि अख्खे हरभरे एकत्र शिजायला टाका, आणि तूर शिजली की गॅस बंद करा. वरचं पाणी चाखणारा म्हणेल, यात नुसती तूरच आहे. हरभरे होते हो, पण त्याला ते लागलेच नाहीत. म्हणून नमुन्याची प्रत्येक नळी सारखीच शिजवायची, सारखीच थंड ठेवायची. नाही तर आपण पोट तपासत नाही, आपला स्वयंपाक तपासतो."

बायका हसत. डाळीचं त्यांना पटत असे.

दर खेपेला नमुन्यांबरोबर बाई एक रिकामी नळी पाठवत. काहीही न घातलेली, पण सगळ्या सोपस्कारांतून जाणारी, प्लेटसारखी, कपासारखी. तिला क्रमांक द्यावा लागे, आणि नावाच्या जागी बाई लिहीत, 'रिकामे'. एकदा मुंबईहून फोन आला. तिथल्या मुलीने काळजीने विचारलं, "मॅडम, तुमच्याकडच्या रिकामे नावाच्या मुलाचं संमतीपत्र आलेलं नाही."

"त्याचे आईवडील भेटत नाहीत," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

आणखी एक नळी त्या पाठवत. ती स्वतःची. दर आठवड्याला, कधी या वारी कधी त्या वारी, मुलांच्या नमुन्यांत त्या आपलाही नमुना ठेवत. मला ओशाळल्यासारखं होई. बाईंना मुळीच नाही. "गर्दीत एक तरी ओळखीचा चेहरा हवा," त्या म्हणत. "माझं खाणं ठरलेलं, जगणं ठरलेलं. दर आठवड्याला मी तीच असते. अहवालात मी बदललेली दिसले, तर बदल माझ्यात नाही, आपल्या कामात आहे असं समज." हा अभ्यास चालवणाऱ्या मुंबईच्या सरांना हे माहीत होतं. म्हातारीची लहर म्हणून त्यांनी ते चालू दिलं.

स्वमग्न मुलांच्या घरच्यांना शुक्रवार बाईंनीच दिला होता. इतर मुलांचे नमुने शेजारच्या शाळेतून सोमवार ते बुधवार सकाळी येत. पण स्वमग्न मुलाला घेऊन यायचं तर एकट्या आईचं काम नव्हे. शेअर रिक्षात ती मुलं बसत नाहीत, हॉर्नला घाबरतात, मध्येच उतरतात. बाप सोबत हवा. आणि इथले बाप लूमवर, सुताला खळ देणाऱ्या सायझिंगवर, नाही तर गोदामात. सुटी शुक्रवारी. म्हणून बाई म्हणाल्या, ही मुलं शुक्रवारी येऊ द्या, आणि मुंबईहून तसं मंजूर करून घेतलं. मुंबईची गाडी गुरुवारी संध्याकाळी येऊन फ्रीझर रिकामा करून जाई, शुक्रवारपासून नवा आठवडा सुरू होई.

शुक्रवारच्या आयांमध्ये वैजयंता होती. कामतघरचीच, तिच्या सासऱ्यांची पूर्वी इथे भातशेती होती, आता तिथे चाळ आहे. नवरा एका कारखान्यात मुकादम. मुलगा सोहम तेव्हा सात वर्षांचा, गोरटेला, लांब पापण्यांचा, एकही शब्द न बोलणारा. आला की सरळ फ्रीझरशी जाऊन त्याला कान लावून उभा राही. मग फ्रीझरवर दोन चापट्या मारी आणि तोंड फिरवून बसे.

"बाई, पोटाचा बरा झाला की हा बोलंल ना?" वैजयंता दर शुक्रवारी विचारी.

"माहीत नाही," बाई दर शुक्रवारी सांगत.

"तुम्ही एकदा तरी हो बोला ना. माझा काय जातंय, तुमचा काय जातंय?"

"माझं जातं गं."

"हिला बघा," वैजयंता मला म्हणे, "येवढी शिकली, पन खोटा बोलायला शिकली न्हाय." मग दोघी सोहमकडे बघत बसत.

वर्षाने निष्कर्ष आला. मुंबईच्या सरांनी पालकांना शाळेच्या हॉलमध्ये बोलावलं आणि पडद्यावर चित्र दाखवलं. इतर मुलांचे निळे ठिपके एकीकडे, या मुलांचे लाल ठिपके दुसरीकडे, मध्ये स्वच्छ जागा. लहान मुलालाही कळावं असं. सर मनापासून बोलले. फरक आहे, ठळक आहे. आता पुढच्या टप्प्यात काही मुलांना चांगल्या जंतूंची पावडर देऊन पाहू. त्यासाठी निवडलेल्या मुलांत सोहम होता.

त्या दिवशी वैजयंता रडली नाही. घरी जाऊन तिने पाटीपेन्सिल आणली. पालकांच्या ग्रुपवर तिने पाटीचा फोटो टाकला, खाली लिहिलं, सोहमसाठी. बोलायला लागला की लिहायलाही लागेल, असा तिचा हिशोब.

बाई मात्र हॉलमधून तडक निघाल्या. खोलीत आल्यावर म्हणाल्या, "मी कुठे आहे?"

मला कळलं नाही.

"त्या चित्रात. माझे ठिपके कुठे आहेत?"

सरांनी ते काढून टाकले होते, कारण बाई अभ्यासातल्या नव्हत्या. बाईंनी फोन करून ते परत घालून चित्र मागवलं. मी ते टेबलावर उघडलं. बाईंचे ठिपके पिवळे होते. बरेचसे निळ्यांत होते, तसे ते असायला हरकत नव्हती. पण बाकीचे पिवळे, आठवडा वेगळा असला तरी एकजात, लालांत जाऊन बसले होते. साठी उलटलेली, आयुष्यभर मुलांना शिकवत आलेली बाई काही आठवड्यांपुरती स्वमग्न झाली होती, आणि पुन्हा बरी.

बाई हसल्या. मीही त्या वेळी वेळेवर हसले. मग आम्ही नळ्यांवरचे वार पाहिले, आणि हसणं थांबलं. लालांत गेलेल्या त्यांच्या सगळ्या नळ्या शुक्रवारच्या होत्या.

"शुक्रवारी काय वेगळं असतं?" बाई म्हणाल्या.

आम्ही दोघींनी खूप विचार केला. डबे तेच, हातमोजे तेच, मी तीच. पुढचा शुक्रवार आला. पडदा वर बांधला होता, दार सताड उघडं होतं, मी पुठ्ठ्याने वारा घेत होते आणि बाई फाईलने. वैजयंता कपाळ पुसत बसली होती, तिचा नवरा बाहेर बाइकवर. बाई पुन्हा तेच बोलल्या, "शुक्रवारी असं काय वेगळं असतं?" सोहमने फ्रीझरला कान लावला, आणि नेहमीसारख्या दोन चापट्या मारल्या.

"हा असा का मारतो?" बाईंनी विचारलं.

"घरी फ्रीजला कान लावतो ना तो. आवाज आवडतो त्याला. हितं आवाज येत न्हाय म्हनून राग येतंय."

बाईंच्या हातातली फाईल थांबली. त्या उठल्या, फ्रीझरपाशी गेल्या आणि झाकणाला हात घातला.

"उघडू नका बाई, गारवा जाईल," मी सवयीने म्हणाले.

"काय जाईल?" बाई म्हणाल्या.

त्यांनी कोपरापर्यंत हात आत घातला आणि तसाच ठेवला.

शुक्रवारी लूमची सुटी, म्हणून दुरुस्तीसाठी लाइट शुक्रवारीच घालवतात. सकाळी जाते, बहुधा संध्याकाळी येते. हे भिवंडीत कोणी कोणाला सांगत नाही. मुंबईच्या सरांना ते ठाऊक नव्हतं. आम्हाला ते इतकं ठाऊक होतं, की दिसेनासं झालं होतं. फ्रीझरचं झाकण उघडलं नाही की आत थंड राहतं, असं आम्ही धरून चाललो होतो. पण गुरुवारी रिकामा झालेला फ्रीझर सकाळी लाइट जाताच तापू लागे, आणि त्यात शुक्रवारची कोमट नळी जाऊन दिवसभर पडून राही. आतले काही जंतू वाढत, काही मरत. संध्याकाळी सगळं गोठे. इतर मुलांच्या नळ्या येत तेव्हा फ्रीझर चालू असे, त्या लगेच गोठत. आम्ही दोन प्रकारची मुलं तपासली नव्हती. दोन प्रकारचे वार तपासले होते.

"शुक्रवार मीच दिला," बाई म्हणाल्या. एवढंच. वैजयंतेसमोर त्या आणखी काही बोलल्या नाहीत.

मुंबईचे सर वाईट नव्हते. ते आधी म्हणाले, "तुम्ही अभ्यासात नव्हताच ना, मग तुमचे ठिपके धरायचे कशाला?" बाई म्हणाल्या, "मी नव्हते. शुक्रवार होता." मग सरांनी छापायला दिलेला शोधनिबंध मागे घेतला. पुन्हा सगळं करायला हवं, असं सगळ्यांनाच वाटत होतं. पण मुदत संपली होती, माणसं पांगली, आणि फरक दिसला नाही तर पुढचा टप्पा कशाच्या बळावर मागायचा? पावडर आली नाही.

पालकांना हे ग्रुपवर कळवू, असं सर म्हणाले होते. बाईंनी ऐकलं नाही. प्रत्येक घरी त्या स्वतः गेल्या. मी बरोबर होते. बहुतेकांनी ऐकून घेतलं, चहा दिला, कुणी दाराशी उभं ठेवून निरोप दिला. वैजयंतेकडे आम्ही सगळ्यात शेवटी गेलो. पाटी भिंतीला टेकवून ठेवलेली होती. सोहम आतल्या खोलीत फ्रीजला चिकटून उभा होता.

"म्हंजे याच्या पोटात काय न्हाय?"

"असेल, नसेल. आपल्याला माहीत नाही. आपण जे पाहिलं ते याच्या पोटातलं नव्हतं. त्या फ्रीझरमधलं होतं."

"मंग पावडर?"

"नाही मिळणार."

वैजयंतेने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. "तुम्ही तुमची नळी मधी घातली नसती, तर भेटली असती?"

मला वाटलं बाई काही तरी मऊ बोलतील.

"हो. मिळाली असती," बाई म्हणाल्या.

"आनि हा बोलला असता?"

"ते कोणालाच सांगता आलं नसतं."

"मना कोनी सांगायला नकोच होता, बाई," वैजयंता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "वर्स दोन वर्स वाट बघायला भेटली असती. तेवढाच पायजे होता."

जिना उतरताना त्यांनी कठडा धरला. तसा त्या कधी धरत नसत. पुढे नाक्यापर्यंत चालत आलो, आणि दोन्ही बाजूंनी रिक्षा अंगावर येत असताना त्यांनी मध्येच थांबून विचारलं, "तिचं बरोबर होतं का गं?" मी म्हणाले, नाही. त्या म्हणाल्या, "तू लगेच बोललीस. म्हणजे विचार केला नाहीस."

कामतघरची खोली शाळेने आणखी काही महिने ठेवू दिली. बाई शुक्रवारी तिथे जाऊन बसत. नमुने येणार नव्हते. कुणी काही विचारायला आलं तर आपण असावं, म्हणत. कुणी आलं नाही. मी तोवर दुसऱ्या नोकरीला लागले होते. एका शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा काढून गेले, तर बाई अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसलेल्या, समोर थर्मासचं झाकण आणि शेजारी एक कप, दोन्ही भरलेले. फ्रीझर कुणी तरी उचलून नेला होता. जमिनीवर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन राहिला होता. बाईंनी खुर्ची त्या चौकोनाच्या बाहेर ठेवली होती.

मग खोलीही गेली.

त्यानंतर किती दिवसांनी ते मला आठवत नाही, पण वार अर्थातच शुक्रवार होता. बाईंकडे गेले, तर दारात लहान चपला. आत वैजयंता जमिनीवर बसून शेंगा सोलत होती, तिने घरूनच आणल्या असाव्यात. माझ्याकडे न बघता म्हणाली, "शुक्रवारी घेऊन निघाली न्हाय तर घर डोक्यावर घेतंय हा. सवय लागली. शाळेतली खोली तर बंद. मंग कुठं न्यायचा? ह्यांनीच लावलीय सवय, ह्यांनीच बघावा."

"माफ केलंस वाटतं बाईंना," मी हळूच म्हणाले.

"मी कुठं काय बोलली?" ती म्हणाली. "शेंगा सोला."

बाई दिसत नव्हत्या. स्वयंपाकघरातून आवाज येत होता, फ्रीजचा असतो तसा, जाड, एकसुरी. मला वाटलं लाइट आहे. पण पंखा बंद होता, आणि खालचे लूमही. मी आत डोकावले. सोहम फ्रीजच्या दाराला कान लावून, डोळे मिटून उभा होता. आणि फ्रीज आणि भिंतीच्या मधल्या फटीत, अंग चोरून, फ्रीजला गाल लावून बाई उभ्या होत्या आणि तोंड मिटून फ्रीजसारखं घुमत होत्या. श्वास संपला की थांबत, घेत, पुन्हा सुरू. मला बघून त्यांनी नुसतं बोट वर केलं. थांब.

बऱ्याच वेळाने बाहेर आल्या. घामाने भिजलेल्या, एका गालाला धूळ. "सूर बरोबर लागला की चापटी मारत नाही," म्हणाल्या. "आधी मी वर लावत होते. सगळ्या फ्रीजचा सारखा नसतो. याच्या घरी जाऊन ऐकून आले."

ट्रेमध्ये त्या दिवशी कप पाच होते.

ते पुढे तसंच चालू राहिलं. सोहम बोलला नाही. दहाव्या वर्षीही नाही, नंतरही नाही. बाई त्याच्याबद्दल कधीच काही भाकीत करत नसत, आणि वैजयंताही विचारेनाशी झाली. शुक्रवारी ती तिघं आणि कधी मी. बाकीचे वार बाईंचे एकटीचे. त्यांना मी एकदा विचारलं, तुम्हाला कंटाळा येत नाही का. त्या म्हणाल्या, "सहा वार रिकामे असले म्हणजे सातवा नीट कळतो." मग चमचा मध्ये सरकवून म्हणाल्या, "हे मी उगीच बोलले. येतो कंटाळा."

बाई झोपेत गेल्या. मंगळवारी. पुण्याहून भाचे आले, सगळं रीतसर करून परत गेले, आणि घर आवरायची किल्ली माझ्याकडे देऊन गेले. मला सुटी शुक्रवारीच घेता आली. वैजयंतेला मी आदल्या दिवशी फोन केला होता. म्हणाले, नको आणूस त्याला. ती म्हणाली, बघते.

मी पुस्तकं खोक्यात भरत होते. लाइट नव्हती. जिन्यावर पावलं वाजली. सोहम आता उंच झालाय, वैजयंतेच्या कानाएवढा. ओठावर लव आलीय. तो माझ्याकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात गेला आणि वाकून फ्रीजला कान लावला.

"काय करनार?" वैजयंता दारातूनच म्हणाली. "रस्ता त्यालाच पाठ हाय."

त्याने दोन चापट्या मारल्या. थांबला. पुन्हा कान लावला.

वैजयंतेने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही करा ना."

मी कधी चारचौघांत गाणंही म्हटलेलं नाही. फटीत शिरले, गाल टेकवला. तिथे बाईंच्या टाल्कम पावडरचा वास होता. मी घुमायला लागले. सोहमने कान काढला नाही, म्हणून मी आणखी जोर लावला. मग तो सरळ झाला, वळसा घालून माझ्यापाशी आला आणि माझ्या गळ्यावर तळहात ठेवला. आवाज तिथून येत होता हे त्याने तपासून पाहिलं. हात काढला, आणि बाहेर गेला.

"तुमचा बारीक लागतंय," वैजयंता म्हणाली. "बाईंचा भरडा व्हता."

तो जिन्याच्या पायरीवर बसला होता, खाली रस्त्याकडे तोंड करून. "चल रं पोरा," वैजयंता म्हणाली. "बाई न्हाय आता." तो हलला नाही. तिने हात धरून ओढला नाही, शेजारी बसली. मी दोन पायऱ्या वर बसले. खाली बंद लूमसमोर कुणी तरी सायकल धूत होतं.

ऊन पायऱ्यांवरून वर चढत भिंतीला लागलं, तेव्हा लाइट आली. मागे उघड्या दारातून पंखा फिरल्याचा आवाज आला, आणि स्वयंपाकघरात फ्रीज सुरू झाला, जाड, एकसुरी, अगदी बरोबर सुरात.

सोहमने मान वळवली नाही. तो खाली रस्त्याकडेच बघत बसून राहिला.